खोटं काम मुलांना लगेच कळतं

मागच्या वेळी मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले होते, की मुलांना चार लोकांत वावरायला शिकवायचं असेल तर आधी त्यांच्यावाचून कुणाचं तरी काहीतरी अडलं पाहिजे. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

ताई, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी अडीच वर्षांची. मुलाला शाळेतून ‘आपले मदतनीस’ असा तक्ता मिळालाय, पोस्टमन, डॉक्टर, आग विझवणारे वगैरे. तो सगळा घडाघडा म्हणून दाखवतो पण स्वतःचा ग्लास उचलून ठेवत नाही. समाज म्हणजे काय हे मुलांना कुठल्या वयात आणि कसं समजावायचं? मुलगी अजून लहान आहे म्हणून तिचं सध्या सोडून दिलंय. – एक आई

जिचं सोडून दिलंय ना, तिच्यापासूनच सुरू करा. खरं सांगते, ती तुमच्या मुलाच्या पुढे आहे.

२००६ साली फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या २४ बाळांवर एक साधासा प्रयोग केला. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय आणि त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, तो वाकून हात पुढे करतो पण पोचत नाही. किंवा हातात मासिकांचा गठ्ठा आहे आणि बंद कपाटाला धडकतोय. त्याने ‘दे ना रे’ म्हटलेलं नाही, बक्षीस नाही, शाबासकी पण नाही. तरी २४ पैकी २२ बाळांनी कधी ना कधी उठून मदत केली, चिमटा नेऊन दिला, कपाटाचं दार उघडलं. आणि गंमत म्हणजे त्याने तोच चिमटा मुद्दाम फेकल्यासारखा टाकला तर पोरं फारशी हलायची नाहीत. म्हणजे समोरच्याला खरंच गरज आहे का हे दीड वर्षाचं पोर ओळखतं.

आता आपल्या घरात काय होतं बघा. अडीच वर्षांची मुलगी फडकं घेऊन तुमच्या मागे येते, पाणी सांडते, काम दुप्पट होतं, मग आपण म्हणतो ‘जा बाळा, तू खेळ जा, मला पटकन आवरू दे’. हे ती दिवसातून दहा वेळा ऐकते, वर्षभर ऐकते, आणि मग एक दिवस खरंच खेळायला जाते ती जातेच. पुढे तीन-चार वर्षांनी आपण तिला मदतनीसांचा तक्ता आणून देतो आणि कपाळाला हात लावतो. बार्बरा रोगॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या मूळनिवासी वस्त्यांमध्ये अनेक वर्षं हेच पाहिलं, तिथे लहान मुलांना मोठ्यांच्या कामातून बाजूला काढत नाहीत, ती आसपास असतात, बघतात, मध्ये हात घालतात, आणि मोठी झाल्यावर न सांगता कामाला उठतात. वेगळं शिकवायला कुणी बसत नाही.

तक्त्यावर माझा राग आहे असं नाही, पण तो मुलाला काय सांगतो याचा विचार करा. तो सांगतो मदत करणारी माणसं वेगळी असतात, ती गणवेश घालतात, आणि मी त्यांच्याकडून मदत घेणारा. मग ग्लास तरी तो का उचलेल?

त्याला एक काम द्या, पण असं की ज्याची घराबाहेरचं कुणीतरी वाट बघतंय. जिन्यातला दिवा संध्याकाळी लावणं, झाडांना पाणी घालणं, खालच्या मजल्यावर निरोप पोचवणं. रोजचं आणि त्याचं एकट्याचं. विसरला तर तुम्ही गुपचूप करून टाकू नका, एखादा दिवस जिन्यात अंधार राहू दे (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कुणी पडलं तर भलतंच व्हायचं). दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला विचारेल ‘काय रे, काल दिवा नव्हता?’ हे एक वाक्य तुमच्या माझ्या शंभर समजावण्यांना भारी आहे. आणि मुलीच्या हातात फडकं द्या. सांडू दे.

मुलगा नऊ वर्षांचा. वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांचं वर्तमानपत्र रोज खालून वर नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे आहे. सवय लागावी म्हणून मी चार्ट केला, दर वेळी एक स्टिकर आणि दहा स्टिकर झाले की एक खेळणं. दोन-तीन महिने मस्त चाललं. आता म्हणतो ‘स्टिकरचा कंटाळा आला, दुसरं काय देणार?’ आणि आजींचा पेपर खालीच पडून असतो. चुकलं कुठे? – एक बाबा

हा चार्ट मीही केलाय बरं का, फ्रिजवर लावला होता, त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा मला काही अधिकार नाही.

चुकलं ते असं. १९७३ मध्ये मार्क लेपर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबीन असलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले. ज्यांच्याशी आधी सौदा झाला होता ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. नंतर २००८ साली वॉर्नेकन आणि टोमासेलो यांनी २० महिन्यांच्या बाळांवर मदतीच्या बाबतीत हेच करून पाहिलं, ज्यांना मदतीबद्दल दर वेळी वस्तू मिळत होती ती पुढे कमी मदत करायला लागली. तोंडी कौतुक झालेल्यांची किंवा काहीच न मिळालेल्यांची मदत चालू राहिली.

तुमच्या मुलाच्या डोक्यात त्या कामातून आजी गेल्या आणि तुम्ही आलात. काम आजींचं, हिशोब बाबांशी. त्यामुळे तुम्ही दुसरं खेळणं दिलंत तरी आजी परत येणार नाहीत त्या हिशोबात.

आता चार्ट एकदम फाडून टाकू नका, मुलाला ती शिक्षा वाटेल. सरळ बोला, की बाबा म्हणून माझी चूक झाली, हे काम तू स्टिकरसाठी करायचंच नव्हतं, ठरलेले स्टिकर तुझे तुला मिळतील पण नवीन चार्ट नाही. मुलं अशा कबुलीने हादरत नाहीत, उलट नीट ऐकतात. मग त्याला घेऊन आजींकडे जाऊन बसा. पेपर दारात ठेवून पळायचं नाही, आत जायचं. पेपर आला नाही त्या दिवशी त्यांचं काय झालं हे त्यांच्याकडून कळू दे, चष्मा लावून त्या काय वाचतात, कुठलं पान आधी उघडतात, हे त्याला कळू दे. त्यांना जमत असेल तर शब्दकोडं दोघं मिळून सोडवतील. आणि एवढं करूनही तो नको म्हणाला तर? तर त्यालाच जाऊन आजींना सांगू दे की उद्यापासून मी येणार नाही, म्हणजे त्या दुसरी सोय करतील. काम सोडता येतं, पण न सांगता सोडता येत नाही. हे पण शिकायचंच असतं, आणि मोठ्यांतही फार कमी लोकांना येतं.

माझी अकरा वर्षांची मुलगी अतिशय लाजाळू आहे. कार्यक्रमात भाग घे, स्टेजवर जा, ओळख वाढव, सगळं सांगून झालं. – काळजीत असलेली आई

भाग घेणं म्हणजे स्टेजवर जाणं हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. कार्यक्रमात माईकवर एक जण असतो आणि त्याच्यामागे वीस जण खपत असतात. कोण आलं कोण नाही याची वही ठेवणं, खुर्च्या मोजणं, सूचना सुंदर अक्षरात लिहून फळ्यावर लावणं, पुस्तकांची देवघेव सांभाळणं, नवीन राहायला आलेल्या मुलाला ‘इथे ये, इथे बस’ म्हणणं. गप्प मुलांचं लक्ष फार असतं, कोण एकटं पडलंय हे त्यांना आधी कळतं. तिला विचारा, तिने काहीतरी नक्की पाहून ठेवलेलं असेल. स्टेजचा विषय वर्षभर काढू नका.

मी १३ वर्षांची आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळी जागा आहे तिचं काय करायचं यावर मोठ्यांची मीटिंग होती, आम्हा मुलांनाही बोलावलं. आम्ही पाच जणांनी रात्री जागून खेळायच्या जागेचं मोठ्ठं चित्र काढून नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमचे फोटो काढले आणि ‘आमचे छोटे नागरिक’ म्हणून ग्रुपवर टाकले. नंतर कळलं की तिथे पार्किंग करायचं आधीच ठरलेलं होतं. बाबा म्हणतात तुम्हाला बोलायला मिळालं ना, मग झालं. आता पुढच्या मीटिंगला परत बोलावलंय. जावं का?

जा. पण यावेळी चित्र नेऊ नकोस.

सगळ्या पत्रांत तुझं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुला वाईट वाटलं ते बरोबरच आहे आणि तुमच्या बाबतीत जे झालं त्याला चक्क नाव आहे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक निबंध लिहिला, त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या अशा: मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं बोलावणं. या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही. टाळ्या, फोटो, छोटे नागरिक, ओळखलंस ना कुठली पायरी ते?

पण त्याच शिडीची चौथी पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे निर्णय मोठ्यांनीच घेतलेला असतो, काम पण तेच देतात, फक्त मुलांना खरं सांगतात, की बाबांनो हे असं ठरलंय, या कारणासाठी ठरलंय, तुम्ही यात अमुक करू शकता, कराल का? हा खरा सहभाग धरला जातो. म्हणजे तुमच्या मीटिंगमध्ये कुणी उठून म्हणालं असतं, की पार्किंगचं ठरलंय, ते बदलणार नाही, पण कोपऱ्यातला तुकडा उरतोय त्याचं काय करू सांगा, तर तुम्ही चिडला असता पण फसवल्यासारखं वाटलं नसतं. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर काय आहे माहितीये? नुसतं मुलांनी ठरवलेलं नाही. ते सातव्या पायरीवर आहे. आठवी पायरी म्हणजे सुरुवात मुलांनी केली आणि निर्णय मोठ्यांना बरोबर घेऊन केला.

बाबा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला, त्यातलं १२ वं कलम म्हणतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत ते मोकळेपणाने मांडायचा हक्क आहे. बाबा इथे थांबले. पण ते वाक्य पुढे जातं, की त्या मताला मुलाच्या वयानुसार आणि समजेनुसार योग्य तेवढं वजन द्यायचं. ‘वजन द्यायचं’ म्हणजे तुमचंच ऐकायचं असं नाही हं, तेही तितकंच खरं. वजन देऊनही नाही म्हणता येतं, पण मग का नाही ते सांगावं लागतं.

आता मीटिंगचं. आधी हे शोधून काढा की ठरवणार कोण आणि कधी ठरवणार, कारण ठरून गेल्यावर बोलण्यात अर्थ नसतो, हे तर तुम्ही शिकलातच. मग एक आठवडा रोज संध्याकाळी दर अर्ध्या तासाने त्या जागेत किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा आणि वहीत लिहा, तुम्ही पाच जण आहात, पाळ्या लावा. कदाचित असं निघेल की पाच ते सात निम्मी जागा रिकामीच असते, कदाचित नाही निघणार, निघेल ते खरं लिहा. मागणी एकच ठेवा, दहा नको. उदाहरणार्थ संध्याकाळचे दोन तास अर्धी जागा खेळायला. आणि त्यासोबत तुमच्याकडून काय ते पण सांगा, सात वाजता जागा मोकळी करून द्यायची जबाबदारी कुणाची, काच फुटली तर काय. शेवटी नम्रपणे म्हणायचं, की आमची मागणी इतिवृत्तात लिहा आणि उत्तर कुठल्या तारखेला मिळेल ते सांगा. नाही म्हणालात तर कारणासकट सांगा. मोठी माणसं चित्राला टाळ्या वाजवून मोकळी होतात, आकड्यांच्या वहीला टाळ्या वाजवून सुटता येत नाही.

फोटो काढायला लागले तर ‘आधी उत्तर, मग फोटो’ म्हणायला हरकत नाही. हसून म्हण.

(हे पुढचं हिच्या बाबांसाठी आणि मीटिंगवाल्यांसाठी. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर वॉर्साच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवायचे. न्यायाधीश मुलं, तक्रार कुणीही कुणावर करावी, आणि बहुतेक कलमं माफीची. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत पाच वेळा ते स्वतः त्या न्यायालयापुढे उभे राहिले, एकदा एका मुलाला कानाखाली मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेलं साप्ताहिक वर्तमानपत्रही सुरू केलं. आपल्याला एका पार्किंगबद्दल खरं बोलता येत नाही.)

मुलीला लहानपणापासून ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ असं शिकवलंय. ती सात वर्षांची आहे. आता लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी नाव विचारलं तरी भिंतीकडे तोंड करते. एकीकडे लोकांत मिसळ म्हणायचं आणि एकीकडे हे, मलाच गोंधळल्यासारखं होतं. – एक आई

गोंधळ तुमचा नाही, त्या नियमाचाच आहे. मुलांना ‘अनोळखी’ म्हटलं की डोळ्यासमोर कुणीतरी भयंकर चेहऱ्याचा माणूस येतो, हसून गोड बोलणारा त्यांना अनोळखी वाटतच नाही. आणि मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीतलेच असतात, हे कटू आहे पण तसंच आहे. म्हणून नियम माणसावर नको, वागण्यावर ठेवा. कुणीही, अगदी घरातल्यांनीही, ‘हे आईला सांगू नकोस’ म्हटलं की लगेच येऊन सांगायचं. मोठ्या माणसाला मदत लागली तर तो मोठ्यांना विचारतो, लहान मुलीला एकटीला गाठून ‘माझ्याबरोबर चल’ म्हणत नाही, म्हटलं तर निघून यायचं. आणि कुठेही जायच्या आधी, ओळखीच्या माणसाबरोबर सुद्धा, घरी सांगायचं. कुणी जवळ घेतलेलं आवडलं नाही तर नाही म्हणायचं, आणि तेव्हा तुम्ही ‘असं काय करतेस, काका आहेत ना’ म्हणायचं नाही, हे तुमच्यासाठी.

बाकी बोलायला मोकळीक द्या. तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा आणि तिला स्वतः विचारू दे, पुस्तक कुठल्या कपाटात आहे, बस कधी येणार. हरवली तर कुणाकडे जायचं हे पण आत्ताच ठरवा, काउंटरमागे बसलेला माणूस किंवा मुलं बरोबर असलेली बाई. आणि आसपासची तीन-चार दारं अशी निवडा जी ती न घाबरता वाजवू शकेल, त्या लोकांना तसं सांगून ठेवा, आणि तिच्याकडून एकदा खरंच वाजवून घ्या, नुसतं तोंडी नको.

शेजाऱ्यांशी भिंतीतल्या गळतीवरून वर्षभर वाद चाललाय, बोलणं बंद आहे. दोघांची मुलं मात्र रोज एकत्र खेळतात. परवा माझा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला ‘ते लोक वाईट आहेत का?’ मला उत्तर सुचलं नाही. – एक वडील

उत्तर आहे ‘नाही, आमचं गळतीबद्दल पटत नाही’. एवढंच. घरात जेव्हा जेव्हा ‘ते लोक’ असा शब्द येतो तेव्हा त्या जागी ‘गळती’ घालून वाक्य परत म्हणून बघा, निम्मी वाक्यं आपोआप गळतील.

झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये मुलं गोट्या कशा खेळतात याचा अभ्यास केला, १९३२ मध्ये तो छापून आला. लहान मुलांना वाटतं नियम मोठ्यांकडून आलेत आणि ते बदलणारच नाहीत. साधारण दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांना कळायला लागतं की नियम आपणच ठरवलेत आणि सगळे हो म्हणाले तर बदलता येतात. तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे, रोज बॉल बाहेर गेला की आउट की नाही यावर भांडतो, मिटवतो, परत खेळतो. तुमचं भांडण कसं मिटतं का मिटत नाही हे तो त्याच नजरेने बघतोय, त्यामुळे त्याला खोलीबाहेर पाठवून चिडचिड करण्यापेक्षा मिटवायचा प्रयत्न त्याच्यासमोर करा. गळती कुठून आहे हे बघायला दोघांच्या पसंतीचा एकच प्लंबर बोलवा, तपासणीचा खर्च निम्मा निम्मा, तो सांगेल ते मान्य. आधी कागदावर लिहून घ्या. आणि दार वाजवायला मुलाला पाठवू नका, स्वतः जा, तो हवं तर बरोबर येईल.